शनिवारची बाराची गाडी : मेंटर व्हायचं असेल तर

एकतीस वर्षं मी कंडक्टर होतो. त्यातली बरीचशी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर गेली. निवृत्त झालो तरी पहाटे साडेचारला डोळे उघडायचे आणि पुढे करायला काही नसायचं. शेजारच्या गल्लीतल्या एका मास्तरीणबाईंनी संस्थेचं नाव सांगितलं. आठवी ते दहावीच्या एकेका पोराला आठवड्यातून एक तास एक मोठं माणूस मिळवून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. त्या माणसाला ते मेंटर म्हणतात. पोरं मला मामा म्हणतात. याला आता सहा वर्षं झाली. ओळखीतले लोक विचारतात, 'आम्हालाबी यायचंय, काय करावं लागतं?' तेच तेच सांगून दमलो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

आधी संस्था पारखून घ्या. गेल्यागेल्या 'या, उद्यापासून बसा' म्हणाले तर चहा पिऊन परत या. ज्यांना तुमची चौकशी करावीशी वाटत नाही, त्यांना पोरांची काळजी किती असणार? चांगली संस्था तुमचं आधार कार्ड मागते, दोन ओळखीच्या माणसांना फोन करते, पोलीस पडताळणीचा दाखला आणायला सांगते. त्याचा अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरून करता येतो. माझ्यासारख्या जुन्या माणसाला पोलीस स्टेशनचं नाव ऐकून जरा राग आला होता. मग विचार केला, माझ्या नातीला कुणी अनोळखी आजोबा भेटायला येणार असते तर मी काय काय विचारलं असतं? मुकाट्याने अर्ज केला.

आपणही त्यांना विचारायचं. नोंदणी आहे का, मेंटरांचं प्रशिक्षण किती दिवसांचं, अडचण आली तर फोन कुणाला करायचा, आणि पोराच्या आईवडिलांची सही घेतली आहे का. मुलींना ताई आणि मुलग्यांना मामा-दादा, असा आमच्या संस्थेचा नियम आहे. मला तो पटतो.

वर्ष जूनला सुरू होतं. नाव मे महिन्यातच द्या. दसऱ्याच्या सुट्टीनंतर येणाऱ्याला पोरगं मिळतं, पण सूर लागेपर्यंत परीक्षा येते.

आता वेळेचं. शनिवारी आमच्याकडे सकाळची शाळा असते. ती सुटली की बारा ते एक भेटायचं, शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं. पोराच्या घरी एकट्याने जायचं नाही, आपल्या घरी बोलवायचं नाही. सव्वाची गाडी पोराला मिळालीच पाहिजे, नाहीतर तीनपर्यंत उपाशी बसावं लागतं. भूक लागलेलीच असते, म्हणून शेंगा-फुटाणे जवळ ठेवा.

मला संस्थेने दिलेला पहिला पोरगा तीन शनिवार आलाच नाही. मी बारा ते एक व्हरांड्यात बसायचो आणि उठून जायचो. कणकुंबीच्या पहाटेच्या फेरीला कधीकधी ड्रायव्हर आणि मी, दोघंच असायचो. तरी गाडी वेळेवर सोडायची, पुढच्या फाट्यावर कुणीतरी कंदील घेऊन उभं असतं. चौथ्या शनिवारी पोरगा आला. पुढे कधीतरी म्हणाला, 'मामा, तीन्हीबी शनिवार मी टाकीच्या मागं हुतो. तुम्ही खरंच बसताय काय बघूलालतो.'

तेव्हा, महिन्यातून दोनदाच जमणार असेल तर तसं पहिल्या दिवशीच सांगा. दर आठवड्याचा शब्द देऊन दांड्या मारण्यापेक्षा ते परवडलं. आपल्या सोयरिकी, वास्तुशांती, यात्रा सगळ्या शनिवार-रविवारी येतात, हे आधी धरून चाला. जुलैत रोप लावणी असते, तेव्हा खानापूर भागातली पोरं चिखलात असतात. त्यावरून बोलू नका, एखादा शनिवार सोडा. 1 नोव्हेंबरच्या आसपास बेळगाव शहरात भेट ठेवू नका. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी लोकांच्या काळ्या दिनाची निषेध फेरी, गाडी हलत नाही. आणि सीमाप्रश्नावर पोराशी चर्चा नको. 1956 पासून थोरल्यांनी केली आहे तेवढी पुरे.

पहिल्या भेटीत मार्क विचारू नका. त्याला ते सगळेच विचारतात, अगदी दळप टाकायला गेला तरी. समोरासमोरही बसू नका. एसटीत मी एक बघितलं आहे. माणूस शेजारच्या सीटवरच्याला जे सांगतो ते घरी सांगत नाही, कारण दोघांची तोंडं खिडकीकडे असतात. कट्ट्यावर शेजारी बसा, मैदानाकडे बघा, शेंगा सोला. पहिले दोन महिने तो 'हां', 'न्हाई', 'काय की' एवढंच बोलेल. चालतं.

मराठी शाळेतल्या पोराला दोन भिंती आडव्या येतात, आणि तिथे आपण खरंच उपयोगी पडतो. पहिली कन्नडची. ती त्याला तिसरी भाषा, आणि दुकानात, कचेरीत, बसमध्ये पदोपदी लागते. मी शिक्षक नाही, व्याकरण मला येत नाही. मी त्याला स्टँडवर नेलं (संस्थेला कळवून, आईची परवानगी घेऊन) आणि गाड्यांच्या पाट्या वाचायला लावल्या. खानापूर, बैलहोंगल, गोकाक, सौंदत्ती. गावं तोंडपाठ असतात, त्यामुळे अक्षरं आपोआप सुटतात. 'मुंद होग्री' (पुढे चला) आणि 'चिल्लर कोडरी' (सुट्टे द्या) एवढ्या दोन वाक्यांवर मी अर्धी नोकरी काढली म्हटल्यावर तो हसला. त्याचं पहिलं हसू तेच.

दुसरी भिंत दहावीनंतर. एसएसएलसीला, म्हणजे आमच्याकडच्या दहावीच्या परीक्षेला, मराठी पहिली भाषा, 125 मार्कांची, तिथे पोरं चमकतात. मग पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की पुस्तक इंग्रजीत. कालपर्यंतचं प्रकाशसंश्लेषण आज फोटोसिंथेसिस होतं, आणि हुशार पोरगा सप्टेंबरपर्यंत गप्प होतो. त्यासाठी नववीतच एक शंभर पानी वही करा. तीन रकाने पाडा : मराठी, इंग्रजी, कन्नड. आठवड्याला दहा शब्द. तिसरा रकाना बहुतेक रिकामा राहतो, राहू दे. सगळ्यांनी सायन्सच घ्यावं असं माझं म्हणणं नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, मशीनशॉप बघून आलेला पोरगा आयटीआय फिटरचा फॉर्म डोळे उघडे ठेवून भरतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच असल्यामुळे निम्म्यांना मिलिटरीत जायचं असतं. त्यांना नको म्हणू नका, पळतोस तसा गणितालाही बस म्हणा.

कागदपत्रं हे वेगळंच प्रकरण आहे. शिष्यवृत्तीच्या एसएसपी पोर्टलवर जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर (दाखल्यावर छापलेला क्रमांक) लागतो, आणि तो दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीतून, निघतो. जूनमध्येच काढून ठेवा. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का बघा. सगळ्यात आधी नाव बघा. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, वडिलांचं नाव तिसरंच. मराठीतून कन्नडात, तिथून इंग्रजीत जाताना पाटलाचं काय काय होतं ते मी बघितलं आहे. एसएसएलसीचा फॉर्म भरायच्या आधी, नववीत, सरांना भेटून दुरुस्त करून घ्या. महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या मुलींना हेही सांगून ठेवावं लागतं की 2023 पासूनचा शक्ती योजनेतला सरकारी बसचा मोफत प्रवास कर्नाटकात राहणाऱ्या बायका-मुलींसाठीच आहे. सीमेपलीकडच्या शिनोळीची मैत्रीण शेजारी बसली तरी तिला तिकीट काढावं लागतं.

पैशाचं सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलो. दुसऱ्या वर्षीच्या पोराकडे सहलीला पैसे नव्हते. मी गुपचूप पाचशे दिले. तो त्यानंतर येईनाच. मी खुळ्यासारखा वाट बघत बसलो. ज्या दुकानात उधारी असते त्याच्या समोरून माणूस जात नाही, हे मला या वयात कळायला हवं होतं. शेवटी संस्थेच्या ताईंनी त्याच्या आईशी बोलून ते मिटवलं. आता गरज दिसली की मी ताईंना सांगतो, आणि जे द्यायचं ते संस्था सगळ्यांना मिळून देते.

फोटो काढून स्टेटसला लावू नका. रात्री मेसेज नको.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. पोरगं कधी कुणाच्या मारहाणीबद्दल, नको तिथे हात लावण्याबद्दल बोललं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, आता आपण मदत घेऊ' एवढं म्हणा. खोदून विचारू नका, घरी जाऊन जाब तर अजिबात विचारू नका. त्याचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून काढा आणि संस्थेला सांगा. चाइल्डलाइनचा नंबर 1098, फुकट लागतो. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) तसा अत्याचार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. माझ्यावर ही वेळ एकदा आली. त्याबद्दल इथे यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

निरोपाची तयारी जानेवारीत सुरू करा. 'मार्चपर्यंत आठ शनिवार राहिले', मग 'सात', असं सांगत राहा. परीक्षेच्या गडबडीत अचानक नाहीसे होऊ नका. शेवटच्या भेटीला बरेच जण कुंदा, आपली बेळगावची मिठाई, नेतात. पाव किलोचा डबा नेऊ नका. पोरगं एक असलं तरी व्हरांड्यात वर्ग अख्खा जमतो, निदान किलोभर तरी घ्या.