बिझनेस क्लासमध्ये धड जेवण कसे मिळवावे : गोव्याहून निघणाऱ्यांसाठी

बिझनेस क्लासचे तिकीट काढताना मनात जे ताट असते, म्हणजे पांढरे कापड अंथरलेला ट्रे, चिनी मातीच्या ताटल्या आणि एकामागून एक सावकाश येणारे पदार्थ, ते आता अनेक मार्गांवर जाहिरातीपुरते उरले आहे. आखातात मुलाकडे निघालेले फोंड्याचे आईवडील असोत, साठवलेल्या माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीकडून मिळणाऱ्या प्रवासाच्या गुणांवर, वरचा वर्ग मिळवून जहाजावर परतणारा तारवटी असो, की कामासाठी दिल्ली गाठणारा पणजीचा व्यावसायिक असो, सर्वांचे गाऱ्हाणे साधारण एकच असते : भाडे वाढले, खुर्ची सुधारली, जेवण मात्र उतरले. गाऱ्हाणे खरे आहे. पण विमानात आपल्यापुढे काय येणार हे बहुतांशी जमिनीवरच, उड्डाणाच्या आदल्या एकदोन दिवसांत ठरलेले असते, आणि म्हणून प्रवाशाने जे काही करायचे ते बरेचसे त्याआधीच करावे लागते.

आधी हे का घडले ते थोडक्यात पाहू, कारण त्यावरच पुढचे उपाय अवलंबून आहेत. पूर्ण आडवी होणारी खुर्ची ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये आणली, कतार एअरवेजने २०१७ साली तिच्याभोवतीच्या कप्प्याला दार लावले, आणि या वर्गातली स्पर्धा तेव्हापासून मुख्यतः खुर्चीवरच चालू आहे. खुर्चीचा फोटो विकला जातो, आमटीचा जात नाही. त्यामुळे खर्च कापायचा झाला की कात्री ताटाला लागते. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी १९८० च्या दशकात सॅलडमधले एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला हजारो डॉलर वाचवले, हा किस्सा या धंद्यात अजूनही कौतुकाने सांगितला जातो. कोविडच्या काळात या कात्रीला निमित्तही मिळाले. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये दोन तासांपेक्षा कमी वेळेच्या देशांतर्गत उड्डाणांत जेवण देण्यास मनाई झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ती उठली. त्या काळातली सगळे पदार्थ एकाच ट्रेमध्ये एकदम आणून ठेवण्याची पद्धत मात्र अनेक ठिकाणी राहून गेली. कंपन्यांना ती सोयीची वाटली असावी, असे माझे मत आहे.

तिकीट काढताना

गोव्याहून निघणाऱ्याने प्रथम विमानतळ, मार्ग आणि उड्डाणाची वेळ यांचा एकत्र विचार करावा. दाभोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ चालू आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यापासून काही सेवा तिकडे गेल्या, आणि कतार एअरवेजची दोहा सेवाही जून २०२४ मध्ये दाभोळीहून मोपाला हलली. गोवा ते मुंबई हे अंतर जेमतेम सव्वा तासाचे आहे. त्यातला चढण्या-उतरण्याचा वेळ वगळला तर केबिन क्रूच्या हाती जेवण तापवून, वाढून, ताटे गोळा करायला अर्धा-पाऊण तास उरतो. त्यामुळे या टप्प्यावर बिझनेस क्लासचे जास्तीचे पैसे जेवणासाठी मोजू नयेत. मुंबई किंवा दिल्लीहून पुढे लांबचा प्रवास असेल तर जेवणाची अपेक्षा त्या दुसऱ्या टप्प्याकडून ठेवावी आणि गोव्यातून निघताना घरी नुस्त्याची कढी आणि भात पोटभर खाऊन निघावे. याहून चांगले जेवण त्या दिवशी मिळण्याची शक्यता कमीच असते.

दुसरी गोष्ट भाड्याच्या प्रकाराची. बिझनेस क्लास म्हटले की लाउंज, म्हणजे विमानतळावरचा खाण्यापिण्याची सोय असलेला विश्रांतीकक्ष, आलाच, ही समजूत आता धरून चालत नाही. एमिरेट्सने २०१९ साली आणि कतार एअरवेजने त्यानंतर बिझनेस क्लासचेच स्वस्त भाडे काढले, ज्यात लाउंजचा प्रवेश वगळलेला असतो, आणि असे प्रकार आता इतरत्रही दिसतात. मध्यरात्री सुटणाऱ्या विमानांत ही बाब फार महत्त्वाची ठरते, कारण तिथे बरेच प्रवासी लाउंजमध्ये जेवून विमानात थेट झोपतात. तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी भाड्याच्या अटी उघडून त्यात लाउंज आहे की नाही हे पाहावे. दोन भाड्यांतला फरक थोडा असेल, तर लाउंजसह असलेले भाडे घेणे जेवणाच्या दृष्टीने फायद्याचे ठरते.

तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. विमानातले जेवण विमानात शिजत नाही. ते विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात शिजवून झपाट्याने पाच अंशांच्या खाली थंड केले जाते आणि विमानात फक्त ओव्हनमध्ये तापवले जाते. छोट्या टप्प्यांवर तर परतीच्या फेरीचे जेवणही पुष्कळदा जाण्याच्या वेळीच मूळ शहरातून चढवलेले असते, म्हणजे गोव्याहून संध्याकाळी दिल्लीला निघालेल्या प्रवाशाच्या पुढ्यात येणारी भाजी त्याच दिवशी दिल्लीहून येऊन परत चाललेली असू शकते. हे जेवण असुरक्षित नसते, पण ताजेही नसते. क्रूला नम्रपणे विचारले तर ते जेवण कुठे चढवले हे बहुधा सरळ सांगतात. परतीचे आहे असे कळले, तर थंड वाढायचे पदार्थ, फळे आणि दही यांवर भर द्यावा, सॅलड तेवढे सोडून द्यावे.

जेवणाची नोंद

बहुतेक कंपन्या विशेष जेवणाची विनंती उड्डाणाच्या किमान २४ तास आधी स्वीकारतात, आणि कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेल्या, जेवणासारख्या काही प्रकारांना त्याहून जास्त वेळ लागतो. या जेवणांना चार अक्षरी संकेत असतात आणि इथेच आपल्या लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. सोमवारी किंवा श्रावणात शिवराक खाणारा प्रवासी ‘व्हेजिटेरियन’ एवढेच पाहून ‘व्हीजीएमएल’ निवडतो, आणि त्याच्यापुढे दूध-तूपविरहित, पाश्चात्त्य धर्तीच्या उकडलेल्या भाज्या येतात, कारण तो संकेत व्हीगन जेवणाचा आहे. आपल्याला हवी असते ती डाळ, भाजी, भात आणि मसाला, आणि त्यासाठी ‘एव्हीएमएल’ हा संकेत निवडावा. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी ‘व्हीजेएमएल’, म्हणजे जैन जेवण मागावे. मासमटण खाणाऱ्या पण गोमांस टाळणाऱ्यांसाठी ‘एचएनएमएल’ आहे. एकादशी-चतुर्थीच्या उपवासाला फळांचे ताट, म्हणजे ‘एफपीएमएल’, कामी येते. ‘एसएफएमएल’, म्हणजे समुद्री खाद्य, हे नाव गोंयकाराला मोहात पाडणारे आहे खरे, पण त्यात बहुधा मिळमिळीत उकडलेला मासा येतो, तेव्हा त्याकडून सुंगटांच्या कढीची आशा धरू नये.

विशेष जेवणाचा एक फायदा असा की ते प्रवाशाच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळे चढवले जाते आणि सामान्यतः आधी वाढले जाते. तोटा असा की बिझनेस क्लासच्या मेन्यूतून निवड करण्याचा हक्क त्यामुळे पुष्कळदा जातो आणि गोड पदार्थाच्या जागी फळांचे तुकडे येतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘बुक द कुक’सारखी, मेन्यूबाहेरच्या यादीतून मुख्य पदार्थ आधी निवडून ठेवण्याची सोय असेल, तर विशेष जेवणापेक्षा तीच घ्यावी. ही यादी निघण्याच्या शहराप्रमाणे बदलते, म्हणून जाताना आणि येताना ती स्वतंत्रपणे पाहावी.

नोंद केल्यावर काम संपत नाही. वेळापत्रक बदलले, विमान बदलले किंवा एका कंपनीचे तिकीट घेऊन प्रत्यक्षात दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचे असले, की जेवणाची विनंती वाटेत गळून पडू शकते. जी कंपनी विमान चालवते तिच्या संकेतस्थळावर तिचा बुकिंग क्रमांक टाकून विनंती दिसते का ते निघण्याच्या दोन दिवस आधी तपासावे आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा. पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर हाच पुरावा उपयोगी पडतो.

विमानात काय निवडावे

केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो आणि हवा अतिशय कोरडी असते. लुफ्तान्साने जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेकडून २०१० च्या सुमारास करून घेतलेल्या चाचण्यांत असे दिसले की या स्थितीत खारट आणि गोड चवी बऱ्याच मंदावतात, तर आंबट आणि कडू फारशा बदलत नाहीत. टोमॅटो, अळंबी, सुकी मासळी यांच्यातली खोल चव मात्र टिकते, म्हणूनच जमिनीवर टोमॅटोच्या रसाकडे न पाहणारे लोक विमानात तो आवडीने मागतात. आपल्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. मसालेदार, आंबट आणि भरपूर रस्सा असलेला पदार्थ निवडावा. मेन्यूत शागुतीसारखा रस्सा आणि ग्रिल केलेला मासा असे दोन पर्याय असतील तर रस्सा घ्यावा, कारण दुसऱ्यांदा तापल्यावर रस्सा मुरतो आणि मासा चामट होतो. ऑम्लेट आणि पास्ता शक्यतो टाळावेत.

दिल्लीहून गोव्याकडे येणाऱ्या एका रात्रीच्या विमानात माझ्यापुढे आलेल्या भाताच्या कडा वाळून पिवळट झाल्या होत्या, मधला भाग बोटाला गार लागत होता आणि पनीरच्या रश्श्यावर साय धरली होती. ओव्हन घाईने चालवला की असे होते. कडा तापतात, गाभा थंड राहतो. अशा वेळी न रागावता ताटली परत द्यावी आणि ती पुन्हा पूर्ण तापवून आणण्यास सांगावे. क्रूने त्या दिवशी तसे केले आणि मिळाले ते खाण्याजोगे होते. थंड गाभ्याचा भात केवळ चवीलाच वाईट नसतो, तो पोटालाही बाधू शकतो, म्हणून संकोचाने गप्प बसू नये.

घरून थोडे सोबत नेण्यात कमीपणा मानू नये. चपाती, सुकी भाजी, शेव, काजू हे हातातल्या बॅगेत चालते. सोलकढी, लोणचे, चटणी असे पातळ किंवा तेलकट पदार्थ मात्र आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरच्या नियमात अडकतात, आणि ते चेक-इनच्या सामानातच घालावेत. शिजवलेले अन्न आणि फळे उतरण्यापूर्वी संपवावीत, कारण कित्येक देश ती आत आणू देत नाहीत. ‘चोरीस’, म्हणजे डुकराच्या मांसाचे गोव्याचे सॉसेज, आखातात नेण्याचा विचारही करू नये.

तक्रार कशी करावी

‘जेवण वाईट होते’ या वाक्याला कंपनीकडून ठरावीक दिलगिरीपलीकडे काही मिळत नाही. तक्रार कबूल केलेल्या गोष्टीशी जोडावी लागते : मेन्यूत दोन मुख्य पदार्थ होते आणि एकच उरला, नोंदवलेले जेवण चढवलेच नाही, ताटली आतून थंड होती, लाउंज भाड्यात असूनही प्रवेश नाकारला. ताट परत देण्यापूर्वी त्याचा आणि मेन्यूकार्डाचा फोटो घ्यावा, क्रूच्या प्रमुखाला आपल्या अहवालात नोंद करण्याची विनंती करावी आणि घरी पोहोचल्यावर दोनतीन दिवसांत कंपनीला लेखी कळवावे. मजकूर असा पुरे : ‘अमुक तारखेच्या अमुक उड्डाणात, आसन अमुक, मी आधी नोंदवलेले जेवण मला मिळाले नाही. नोंदीची प्रत आणि ताटाचा फोटो सोबत जोडला आहे. याबद्दल माझ्या खात्यात माइल्स किंवा व्हाउचर जमा करावे.’ मागणी लिहिल्याशिवाय भरपाई सहसा मिळत नाही, आणि अवाजवी मागणी लिहिली तर पत्रव्यवहारच लांबतो.

कंपनीने दाद दिली नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिझनेस क्लासचे तिकीट असताना इकॉनॉमीत बसवले तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत देण्याचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. जेवणासाठी असे ठरलेले प्रमाण नाही. त्यामुळे प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत न्यायचे ते फक्त गंभीर असेल तेव्हा, म्हणजे अन्नात काही सापडले, विषबाधा झाली किंवा ॲलर्जीची सूचना देऊनही तोच पदार्थ वाढला, अशा वेळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे उत्तर गोव्याच्या रहिवाशाला पर्वरीला आणि दक्षिणेतल्याला मडगावला. मुदत दोन वर्षांची आहे आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. डॉक्टरांचा दाखला मात्र आजारपणाच्या त्याच दिवशी घ्यावा, कारण आठवड्यानंतरच्या दाखल्यावर कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो याच तारखेचा.