पहिली प्राइम कोणती घ्यावी: फुल-फ्रेमसाठी फोकल लेंथ ठरवण्याची रीत

प्राइम म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंथची लेन्स. फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये सांगतात; आकडा लहान तितकं दृश्य रुंद. इथले आकडे फुल-फ्रेमचे, म्हणजे ३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्याचे आहेत. ‘डोळे मिटून ५० घ्या, माणसाला दिसतं तसंच दिसतं’ हा सल्ला मनावर घेऊ नका. तुम्ही विषयापासून किती लांब उभे राहता यावर फोकल लेंथ ठरते, आणि तो हिशेब तुमच्या जुन्या फोटोंत तयार असतो.

१. झूम लेन्सने काढलेले, मनापासून आवडलेले शंभरएक फोटो वेगळे काढा.

२. फाइलच्या माहितीतून प्रत्येकाची फोकल लेंथ लिहून घ्या. सगळा घोळ इथेच होतो. २४-७० झूम वापरत असाल तर आकड्यांची गर्दी बहुधा २४ आणि ७० वरच दिसेल. तेवढ्यावरून २४ ची प्राइम मागवू नका! रिंग त्यापुढे फिरत नव्हती, म्हणून ती तिथे थांबली. तुम्हाला काय हवं होतं ते क्रॉपवरून, म्हणजे फोटो नंतर किती कापला त्यावरून कळतं. मूळ रुंदीला क्रॉपनंतरच्या रुंदीने भागा आणि फोकल लेंथने गुणा. ३५ वर काढलेला ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो कापून ४२०० वर आणला असेल, तर वहीत ५० लिहा. क्रॉप करताना फोटोचं रुंदी-उंचीचं प्रमाण बदललं असेल तर हा आकडा फसवा येतो; तसे फोटो सरळ वगळा. ७० चे फोटो दरवेळी कापावे लागत असतील तर तुमची लेन्स ८५ आहे. जुने फोटो एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचे असतील तर आकडा आधी १.५ ने गुणा, कॅननचा असेल तर १.६ ने.

३. आता वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेल्या आकड्यासाठी जागा मोजा. उभ्या फ्रेममध्ये पूर्ण माणूस, वरखाली थोडी मोकळीक धरून, म्हणजे २ मीटर उंची बसवायला ३५ ला साधारण २ मीटर मागे जावं लागतं, ५० ला २.८ आणि ८५ ला ४.७. त्याआधीच पाठ भिंतीला टेकत असेल तर घरातल्या फोटोंसाठी ८५ चा नाद सोडा. उलट ३५ ने नुसतं डोकं आणि खांदे भरायला ६० सेंटिमीटरवर जावं लागतं. तिथून नाक मोठं दिसतं, कान मागे पडतात. यात लेन्सला दोष देऊ नका, तो अंतराचा परिणाम आहे. ८५ ने तीच चौकट जवळपास १.५ मीटरवरून मिळते.

४. निवडलेल्या आकड्यावर झूमची रिंग टेपने चिकटवा आणि आठवडाभर तसेच फोटो काढा.

५. दोन आकड्यांत अडकलात तर लहान आकडा घ्या. २४ मेगापिक्सेलचा ३५ चा फोटो ५० इतका कापला तरी जवळपास १२ मेगापिक्सेल उरतात. ५० चा फोटो मात्र रुंद करता येत नाही. अपवाद पोर्ट्रेटचा: एफ/१.८ म्हणजे लेन्सचं छिद्र फोकल लेंथ भागिले १.८ इतकं; ८५ मिमीला ते ४७ मिमीचं, ३५ ला जेमतेम १९. मागचा भाग तसा धूसर होणं क्रॉप करून मिळत नाही.

६. एफ/१.४ की १.८ हे सगळ्यात शेवटी बघा. पहिल्या लेन्सला १.८ पुरे; ती हलकी असते, त्यामुळे रोज बरोबर नेली जाते.