प्रकृती नाजूक असताना आफ्रिकेची पहिली सफारी कशी आखावी

आफ्रिकेच्या जंगलात मोकळा फिरणारा सिंह बघायची इच्छा अनेकांच्या मनात वर्षानुवर्षं असते. पण मुलांची शिक्षणं आणि घराचे हप्ते यांतून हात मोकळे होईपर्यंत साठी उलटलेली असते. तोवर एखादी अँजिओप्लास्टी झालेली असते, साखर इन्सुलिनवर आलेली असते, गुडघे बोलायला लागलेले असतात. मग घरातलेच म्हणतात, "आता कशाला एवढ्या लांब?" माझं मत स्पष्ट आहे: आजार आटोक्यात असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जरूर जावं. सफारीत चालणं फारसं नसतंच. माणूस गाडीत बसलेला असतो आणि जनावरं गाडीच्या आसपास असतात. युरोपच्या धावपळीच्या बस टूरपेक्षा नीट आखलेली सफारी शरीराला हलकी जाते.

फक्त क्रम बदलायला हवा. आपल्याकडे आधी 'मसाई मारा' (केनियातलं प्रसिद्ध अभयारण्य) ठरतं, मग पैसे भरले जातात आणि शेवटी डॉक्टरांना विचारलं जातं. आजारी माणसाच्या बाबतीत आधी डॉक्टर, मग देश, मग महिना आणि बुकिंग सगळ्यात शेवटी. (सफारी म्हणजे इथे बघण्याची आणि फोटो काढण्याची सफारी. बंदुकीची शिकार दक्षिण आफ्रिका, नामिबियासारख्या देशांत परवान्याने चालते. केनियाने ती १९७७ मध्येच बंद केली. या लेखाचा तिच्याशी संबंध नाही.)

१. डॉक्टरांकडे नेमके प्रश्न घेऊन जा

"डॉक्टर, आफ्रिकेला जाऊ का?" असं विचारलं की "जा, काळजी घ्या" एवढंच उत्तर मिळतं. त्याचा उपयोग नाही. निघायच्या निदान तीन महिने आधी जा आणि हे चार प्रश्न लिहूनच न्या.

पहिला, विमानप्रवासाचा. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो, म्हणजे ऑक्सिजन कमी मिळतो. सपाटीवर पन्नासेक मीटर चालून किंवा एक जिना चढून धाप लागत नसेल, तर बहुतेकांना हे झेपतं. धाप लागत असेल, तर त्याची तपासणी आधी. ज्यांना ऑक्सिजन लागतो त्यांनी लक्षात ठेवावं की घरचा सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत. कंपनीने मान्य केलेलं पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर यंत्र (हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून देणारं) आणि प्रवासाच्या वेळेपेक्षा बऱ्याच जास्त बॅटऱ्या लागतात, शिवाय डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म विमान कंपनीला आधी द्यावा लागतो.

दुसरा, उंचीचा. तिसरा, यलो फीव्हरच्या लशीचा. चौथा, मलेरियाच्या गोळ्या माझ्या आत्ताच्या औषधांबरोबर चालतील का? शेवटच्या तीन प्रश्नांवरूनच देश ठरतो, म्हणून त्यांच्याकडे जरा सविस्तर बघू.

२. लस आणि गोळ्यांवरून देश निवडा

केनिया, युगांडा यांसारख्या देशांतून भारतात परतताना यलो फीव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट मागतात. नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. अडचण अशी की ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर तिच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, आणि केमोथेरपी चालू असलेल्यांना, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना ती देत नाहीत. "सगळेच घेतात, एक सुईच तर आहे," असं म्हणून सत्तरीच्या माणसाला रांगेत उभं करणं मला मुळीच पटत नाही. हा निर्णय डॉक्टरांनी फाइल बघून घ्यायचा असतो.

दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोट्सवाना यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत नाहीत. तिथे जाऊन परत यायला ही लस लागत नाही. मात्र विमानाचा मार्ग बघा. स्वस्तात मिळालं म्हणून इथिओपियातल्या अदिस अबाबा किंवा केनियातल्या नैरोबीमार्गे तिकीट काढलंत, आणि तिथे बारा तासांहून जास्त थांबावं लागलं, तर दक्षिण आफ्रिकेत सर्टिफिकेट विचारतात. परतताना आपल्या विमानतळावरही प्रश्न निघू शकतो. दुबई किंवा दोहामार्गे गेलात की ही कटकटच नाही.

आता मलेरिया. गोळ्या तीन प्रकारच्या आणि तिन्हींना अटी आहेत. मेफ्लोक्विन हृदयाच्या ठोक्यांचा विकार, फिट्स किंवा मानसिक आजार असलेल्यांना चालत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर देत नाहीत. डॉक्सिसायक्लिनने ऊन बाधतं, आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर त्याचा परिणाम वाढू शकतो. आधीच दिवसाला आठ-दहा गोळ्या घेणाऱ्या माणसाला आणखी एक गोळी नको असेल, तर सरळ मलेरिया नसलेलं जंगल निवडावं. अशी जंगलं आहेत आणि चांगली आहेत.

३. कुठे जावं?

माझी पहिली पसंती दक्षिण आफ्रिकेतलं पिलानेसबर्ग. जोहान्सबर्गपासून गाडीने अडीच-तीन तास, सगळा रस्ता डांबरी, सन सिटी या मोठ्या रिसॉर्टच्या शेजारी. एका प्राचीन ज्वालामुखीच्या वर्तुळात वसलेलं हे अभयारण्य मलेरियामुक्त आहे आणि सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा हे पाचही इथे आहेत. आतले मुख्य रस्तेही पक्के आहेत, म्हणजे मणक्याला हादरे कमी. रस्टेनबर्गची खासगी रुग्णालयं तासाभराच्या टप्प्यात. मसाई मारासारखा क्षितिजापर्यंतचा गवताळ माळ इथे नाही, हे खरं. पण पहिल्या सफारीला आणि अशक्त शरीराला याहून सोयीचं ठिकाण मला माहीत नाही. जास्त शांतता हवी असेल आणि चार-साडेचार तासांचा प्रवास झेपत असेल, तर बोट्सवानाच्या सीमेवरचं मडिक्वे; तिथेही मलेरिया नाही.

फुप्फुसं किंवा हृदय फार नाजूक असेल, तर उंची महत्त्वाची. जोहान्सबर्ग सुमारे १,७०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. नैरोबी सुमारे १,८०० मीटर. टांझानियातल्या गोरोंगोरो विवराच्या कडेवरची लॉज २,३०० मीटरच्या आसपास आहेत आणि तिथे रात्री झोपायचं असतं. अशांसाठी दक्षिण आफ्रिकेतलंच ॲडो एलिफंट पार्क. केपटाऊनला उतरायचं, तिथून देशांतर्गत विमानाने गेबेखा, म्हणजे जुनं पोर्ट एलिझाबेथ, आणि पुढे गाडीने सुमारे तासभर. सगळं समुद्राच्या जवळ, कमी उंचीवर आणि मलेरियामुक्त. १९३१ मध्ये हे उद्यान स्थापन झालं तेव्हा इथे फक्त अकरा हत्ती उरले होते. आज सहाशेहून जास्त आहेत. पाणवठ्याजवळ गाडी बंद करून बसलं की हत्तींचा कळप पिल्लांना मध्ये घेऊन गाडीला घासून जावा इतक्या जवळून जातो. पाणी पिताना सोंडेतून येणारा आवाज काच खाली केली की स्पष्ट ऐकू येतो. यासाठी एक पाऊलही चालावं लागत नाही.

केनिया अगदी बाद करू नका. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास, आणि हा फार मोठा फायदा आहे. गाडी बंदिस्त असते, फक्त छत वर उचललं जातं, त्यामुळे थंडी-वारा लागत नाही. लस चालणार असेल आणि दमा नसेल, तर मसाई मारा जरूर करा. नैरोबी ते मारा रस्त्याने पाच-सहा तास लागतात. नैरोबीच्याच विल्सन विमानतळावरून छोटं विमान तासाभरात पोचवतं. पण या छोट्या विमानांत सहसा केबिनचा दाब राखायची सोय नसते, म्हणून श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना हेही सांगा. सामान पंधरा किलो आणि मऊ बॅगेतच. दमेकऱ्यांनी कोरड्या महिन्यांत केनियातलंच अंबोसेली उद्यान टाळावं. तिथली बारीक धूळ नाकातोंडात जाते.

ठिकाण कोणतंही निवडा, पण एकच निवडा. आठ दिवसांत चार उद्यानं दाखवणारा कार्यक्रम तब्येत चांगली असलेल्यांनाही थकवतो. एकाच लॉजवर चार-पाच रात्री राहा.

४. महिना

सगळे जुलै-ऑगस्ट सांगतात, कारण गवत वाळलेलं असतं आणि जनावरं दिसतात. पण तो दक्षिण आफ्रिकेचा हिवाळा असतो. पिलानेसबर्गला पहाटे पारा शून्याच्या जवळ जाऊ शकतो आणि उघड्या गाडीत वारा अंगावर येतो. थंड हवेने छातीत दुखणाऱ्यांना आणि दमेकऱ्यांना हे सोसत नाही. त्यांच्यासाठी एप्रिल ते मेची सुरुवात किंवा सप्टेंबर बरा. मारामध्ये नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे (गाईएवढ्या दांडग्या हरणांचे) कळप बघायचे तर जुलै ते ऑक्टोबरच, पण नदीकाठी तासन्‌तास उन्हात वाट बघावी लागते, याची तयारी ठेवा.

५. बुकिंग करताना काय विचारायचं

गाडी फक्त आपल्या कुटुंबासाठी घ्या. खर्चात कुठेही काटकसर करा, इथे नको. दहा जणांच्या गाडीत एकाला बरं वाटेनासं झालं, तर बाकीच्यांना बिबट्या सोडून परत फिरायला सांगणं कोणालाच जमत नाही, आणि आजारी माणूस गप्प राहून सहन करतो. ते गप्प राहणंच धोक्याचं.

गाडीत चढायचं कसं, हे विचारा. दक्षिण आफ्रिकेतल्या उघड्या सफारी गाड्या उंच असतात. बाजूच्या लोखंडी पायरीवर पाय ठेवून, दांडा धरून अंग वर खेचावं लागतं. माझ्या सासऱ्यांची बायपास झालेली, त्यात गुडघे गेलेले. आम्ही लॉजला आधी कळवलं होतं, तर त्यांनी रोज पहाटे लाकडी दुपायरी तयार ठेवली आणि पुढची, सगळ्यात खालची रांग दिली. मागच्या उंच रांगेत दृश्य चांगलं दिसतं, पण हादरेही जास्त बसतात.

खोली मुख्य इमारतीजवळची मागा. रात्रभर वीज असते का, हे विचारा. बऱ्याच तंबूंच्या कॅम्पमध्ये रात्री जनरेटर बंद होतो आणि झोपेत श्वास अडू नये म्हणून सीपॅप मशीन लावणाऱ्याची पंचाईत होते. इन्सुलिनसाठी फ्रिज आहे का? स्वयंपाकघरातला असेल, तर "फ्रीझरमध्ये ठेवू नका" असं त्यावर लिहूनच द्या. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

हॉट एअर बलूनची राइड मोह घालते, पण उतरताना टोपली आपटते, कधी आडवीही होते. हाडं ठिसूळ असतील किंवा अलीकडे ऑपरेशन झालं असेल, तर नाही म्हणा.

६. विमा

स्वस्तातला प्रवास विमा जुन्या आजारांना बहुधा वगळतो, किंवा जिवावरचा प्रसंग असेल तरच मर्यादित रक्कम देतो. आजार लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी नाकारली जाते. सगळं लिहून द्या, हप्ता वाढला तरी चालेल. 'जंगलातून रुग्णालयात हवाई मार्गाने नेण्याचा खर्च' हे कलम शोधून वाचा. पूर्व आफ्रिकेत अॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही सेवा १९५७ पासून हे काम करते. पर्यटकांसाठी तिचं अल्प मुदतीचं सभासदत्व मिळतं. केनियाला जाणाऱ्या हृदयरोग्याने ते घ्यावंच.

७. औषधांची पिशवी

सगळी औषधं हातातल्या बॅगेत. चेक-इन सामान हरवतं आणि सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं. दिवस आहेत त्याच्या दुप्पट औषधं घ्या आणि दोन माणसांच्या बॅगांत वाटून ठेवा. औषधं मूळ पाकिटातच ठेवा, आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत औषधांची मूळ नावं लिहून घ्या. 'इकोस्प्रिन', 'टेल्मा', 'ग्लायकोमेट' ही नावं तिथल्या डॉक्टरला कळतीलच असं नाही. ॲस्पिरिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन कळतात. शेवटचा ईसीजी बरोबर न्या. जुना बदल कोणता आणि नवा कोणता, हे त्यावरूनच समजतं. केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे, म्हणून कापडी पिशवी घ्या.

घड्याळाचा फरक कमी आहे: केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दक्षिण आफ्रिका साडेतीन. तरी इन्सुलिनची वेळ कशी सरकवायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. विमान कंपनीला व्हीलचेअर निदान दोन दिवस आधी सांगा. त्यात संकोच कसला? मोठ्या विमानतळांवर एका गेटपासून दुसऱ्यापर्यंतच किलोमीटरभर चाल होते.

८. जंगलातले दिवस

पोचल्याचा दिवस पूर्ण विश्रांतीचा. दुसऱ्या दिवसापासून सकाळची किंवा संध्याकाळची, एकच फेरी धरा. दुसरी मन आणि शरीर दोन्ही तयार असतील तर. पहाटेची फेरी तीन-चार तास चालते आणि सिंहांच्या भागात हवं तिथे खाली उतरता येत नाही. ज्यांना लघवीची गोळी चालू आहे किंवा प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांनी गोळीची वेळ पुढे ढकलता येईल का, हे घरूनच विचारून यावं. नाहीतर माणूस पाणी पिणं बंद करतो, आणि मधुमेह-रक्तदाबाच्या माणसाने ते करू नये.

गाईडला पहिल्याच दिवशी सगळं सांगा: काय आजार आहे, काय झालं तर काय करायचं. सॉर्बिट्रेटची (छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची) गोळी सदऱ्याच्या खिशात, आणि ती तिथे आहे हे शेजारी बसलेल्याला माहीत हवं. साखरेच्या माणसाजवळ खाकरा, चिक्की, ग्लुकोजची पुडी ठेवा. वाटेत चित्ता दिसला की नाश्ता दीड तास पुढे जातो, आणि इन्सुलिन मात्र घेतलेलं असतं.

दुपारी झोपा. जनावरंही तेव्हा झोपलेलीच असतात.

९. परत आल्यावर

आठवड्याभरात पायाच्या एका पोटरीला सूज आली किंवा दुखू लागली, तर लांबच्या प्रवासात रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मलेरियाच्या भागात जाऊन आला असाल, तर गोळ्या ठरलेल्या दिवसापर्यंत पूर्ण करा, मध्येच सोडू नका. आणि पुढच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर साधा व्हायरल समजून क्रोसिनवर भागवू नका. दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य हे सांगा की आफ्रिकेतून आलो आहे, आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.