आधी रोहूचं डोकं, मग कृष्णेचा घाट

मासा शिकायचा आहे म्हणून कुणी आलं, की मी आधी सांगते, रविवारी सकाळी मासळी बाजारात जा आणि एक अख्खा रोहू घेऊन ये. साफ केलेला नको, खवले काढलेला नको. सांगलीत 21 वर्षं मी प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. बरणीतला फॉर्मॅलिनने पांढरा पडलेला मासा बघून कुणाला माशांची गोडी लागलेली मी पाहिली नाही.

सुरी लगेच उचलू नका. मासा ओल्या फडक्यावर ठेवून वजन करा. मग दोन लांब्या घ्या, एक तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, दुसरी शेपटीचा पर सुरू होतो तिथपर्यंत. वहीत तारीख लिहा, मासा तळ्यातला की नदीतला तेही विचारून लिहा. पोट उघडल्यावर नर की मादी हे त्याच ओळीत यायला हवं. एका मे महिन्यात मी 14 वाम मापल्या आणि नेमकं तेवढंच लिहायचं राहिलं. गाभोळी कधी भरते हे बघायलाच त्या आणल्या होत्या, सगळी मेहनत वाया गेली.

रोहूशेजारी कटला आणि मृगळ हे त्याचे भाईबंद ठेवा आणि तोंडाकडे नीट बघा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, कारण तो वरच्या थरात चरतो. रोहूच्या ओठांना झालर असते. मृगळ तळाशी खातो. कटल्याचे कल्ले उचलून बघितलेत तर कमानीवर बारीक, दाट चाळणी दिसेल, तिने तो प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळतो. आता रोहूचं आतडं हलक्या हाताने सोडवा आणि फूटपट्टीशेजारी पसरा. ते अंगाच्या कितीतरी पट लांब निघतं. मुलं त्यात जठर शोधत बसतात. सापडत नाही, कारण रोहूला जठर नसतंच. लगेच एक शिंगाळा उघडा (त्याच्या छातीच्या पराचे काटे करवतीसारखे असतात, जाड फडक्यात धरा). त्यात पिशवीसारखं जठर आणि आखूड आतडं मिळेल. शिंगाळा मासे खातो.

डोकं टाकू नका, सगळ्यात मोलाची वस्तू तिथे आहे. कवटीचं वरचं हाड सुरीने तिरकं कापून काढा, मेंदूभोवतीची चरबी कापसाने टिपा, पुढच्या नसा तोडून मेंदू मागे उचला. खाली हाडाच्या खळगीत पातळ पडद्याआड मोहरीहून जराशी मोठी, मळकट पांढरी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी दिसेल. चिमट्याने दाबू नका, कडेने सोडवा आणि निर्जल अल्कोहोलात टाका. पहिल्या पाच-सहा डोक्यांत ती फुटतेच, तेवढी डोकी आणूनच बसा. 1957 साली हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी याच ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प जातींची (म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांची) वीण घडवली. आज तळ्यांत सोडलं जाणारं मत्स्यबीज त्या कामातून आलं. तो दिवस 10 जुलै, तो मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

एवढं झालं की नदीवर चला. मी मुलांना हरिपूरला नेते, कृष्णा-वारणेच्या संगमावर. पाण्यात मात्र उतरायचं नाही, कृष्णेत मगरी आहेत. भोई काकांची काहील (कढईसारखी गोल नाव) काठाला लागली की तिथेच मासे मापायचे, जिवंत मासा ओल्या हाताने धरायचा आणि लहान असेल तर परत सोडायचा. माशांची गावातली नावं काकांकडून घ्या, पुस्तकातलं नाव नंतर जुळवा.

पाण्याचा नमुना सूर्योदयाआधी घ्या, रात्रभराच्या श्वसनाने प्राणवायू तेव्हा सर्वात कमी असतो. बाटली बुडबुडा न राहू देता भरा आणि काठावरच मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड घाला, हातमोजे घालून. तळाशी बसणारा साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही.

एका उन्हाळ्यात घाटावर मेलेले मासे तरंगत होते. तोंडं वासलेली, कल्ल्यांची झाकणं ताणून उघडलेली, म्हणजे गुदमरल्याची खूण. माझ्या पिशवीत बाटली होती. साका पांढरा राहिला. दुपारपर्यंत वरून पाणी आलं, आणि तिथेच भरलेल्या दुसऱ्या बाटलीत तो तपकिरी झाला. सकाळची बाटली नसती तर आमच्याकडे दाखवायला काहीच उरलं नसतं. म्हणून दोन रिकाम्या बाटल्या आणि ती रसायनं पिशवीत बाराही महिने ठेवा.