दुकान मिटलं, वेबसाइट उघडीच: ती नीट बंद कशी करायची

गेल्या डिसेंबरात गडहिंग्लजचं एक कुटुंब गाडी करून कोल्हापुरात मंगल कार्यालय बघायला आलं. वेबसाइटवर सगळं व्यवस्थित होतं: एका पंगतीला ३०० पानं, वधूवरांना वेगळ्या खोल्या, जनरेटर. पत्त्यावर पोचले तर तिथं मोटारींचं शोरूम. कार्यालय विकून सात-आठ वर्षं झालेली. साइटवरचा मोबाइल लावला तर जतचा एक कॉलेजचा पोरगा बोलायला लागला. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, तसा तो त्याच्याकडं गेलेला. साइटवर चालू असलेला नंबर एकच उरला होता, अगदी तळाला, ‘संकेतस्थळ निर्मिती’च्या पुढं. तो माझा.

नवरीचे मामा फोनवर म्हणाले, “ओ साहेब, कार्यालय कुठं नेलंसा?”

माझं राजारामपुरीत डीटीपीचं दुकान आहे. २००६ ते २०१३ या काळात पत्रिका, हँडबिलं करता करता मी चाळीसेक वेबसाइट केल्या. लॉज, कार्यालयं, उद्यमनगरातले वर्कशॉपवाले, गूळ व्यापारी. त्यातले निम्मे धंदे आज नाहीत, साइट मात्र बऱ्याच आहेत. मामांच्या फोननंतर मी एकेक करून त्या मिटवायला घेतल्या. त्यात जे शिकलो ते इथं सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. होस्टिंग म्हणजे साइट जिथं ठेवलेली असते तो गाळा, डोमेन म्हणजे साइटचं नाव, दारावरची पाटी. धंदा बंद झाला की गाळा सोडा, पण पाटी लगेच सोडू नका. “पैसे भरायचे बंद केले की जाईल आपोआप” असं ज्याला त्याला वाटतं. जात नाही. तुमच्या हातातून जाते आणि दुसऱ्याच्या हातात पडते.

पहिलं काम, डोमेन कोणाच्या नावावर आहे ते शोधा. इथं मला कबूल केलं पाहिजे: त्या चाळीसपैकी ३१ डोमेन मी माझ्याच खात्यात, माझ्याच ईमेलवर घेतली होती. लबाडी नव्हती. गिऱ्हाइकाकडं तेव्हा ईमेलच नसायचा, कार्ड तर नाहीच. पण माझ्यासारखे शेकडो डिझायनर गावोगाव होते. काहींनी धंदा बदलला, काही पुण्याला गेले, काही वारले. त्यामुळं हूइज तपासणीत, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या साइटवर, आपलं डोमेन टाकून बघा. आजकाल मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, कोण आणि मुदत कधी संपते एवढं दिसतं. ‘डॉट इन’ असेल तर त्याची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते, पण तुमचा व्यवहार रजिस्ट्रारशीच. जुनी बिलं, चेकच्या नोंदी काढून ठेवा. डिझायनर सापडला तर भांडू नका, डोमेनचा ट्रान्सफर कोड मागा. तो मिळाला की नाव तुमच्या स्वतःच्या खात्यात ओढून घेता येतं. मी ३१ पैकी २७ असेच परत केले. एका काकांनी कोड वहीत लिहून घेतला आणि विचारलं, “आता याचं करायचं काय?” शेवटी त्यांच्या सुनेनं केलं.

ईमेलचं काम मात्र डोमेन सोडायच्या आधी. यात लोक सगळ्यात जास्त फसतात. समजा तुमचा पत्ता कंपनीच्या नावाचा होता, आणि तोच बँकेत, जीएसटी पोर्टलवर, उद्यम नोंदणीत, फेसबुक पानावर दिलेला आहे. उद्या डोमेन सुटलं आणि कोणी ते विकत घेतलं, तर त्या पत्त्यावर येणारी सगळी पत्रं त्याला मिळतात. ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं की नवा पासवर्ड त्याच्या पेटीत. म्हणून जुना ईमेल जिथं जिथं लावला असेल ती यादी करा, एकेक ठिकाणी बदला, आणि मग महिना-दोन महिने नुसतं बघत बसा. वर्षातून एकदाच येणारं एखादं पत्र असतंच. आमच्या एका वर्कशॉपवाल्याच्या विम्याचं निघालं.

मग साइटची प्रत काढा. होस्टिंगच्या पॅनलवरून सगळ्या फाइली आणि डेटाबेस उतरवून पेनड्राइव्हवर. पॅनलचा पासवर्डच हरवला असेल तर वेबॅक मशीनवर पत्ता टाकून बघा. १९९६पासूनची पानं तिथं साठवलेली आहेत, तुमचंही एखादं निघेल. फोटो मात्र बऱ्याचदा अर्धेच मिळतात.

मराठी साइटची वेगळीच गंमत. आम्ही तेव्हा मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करायचो आणि सोबत एक फॉन्टची फाइल चढवायचो, जी फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळायची. तो ब्राउझर १५ जून २०२२ला निवृत्त झाला, त्याआधीच लोक मोबाइलवर गेले होते. आज ती पानं उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. पण मजकूर मेलेला नाही! कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केला होता ते कळलं की कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडं दिसणाऱ्या मराठीत, येतो. फॉन्ट चुकीचा निवडला तर रफार भलत्याच अक्षरावर बसतो आणि ऱ्हस्व वेलांट्या उड्या मारतात, त्यावरून चूक लगेच ओळखू येते. एका गूळ व्यापाऱ्याच्या आजोबांनी लिहिलेला गुऱ्हाळाचा इतिहास मी असा सोडवला. तीन पानांचा होता, एक अख्खा रविवार गेला. त्याचे पैसे घेतले नाहीत, वाचायला मजा आली.

आता साइट उतरवा. सगळी. वर्डप्रेस, फोटो गॅलरी, चौकशीचा फॉर्म, काही ठेवू नका. वर्डप्रेस म्हणजे साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर; कुणी बघत नसलेलं जुनं वर्डप्रेस म्हणजे परसदाराची उघडी कडी. सुटे भाग बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं नाव मी गूगलवर शोधलं तर त्याच्या साइटखाली जपानी अक्षरांत बुटा-पिशव्यांच्या जाहिराती. शेकडो पानं कुणीतरी आत घुसवलेली. मालकाला पत्ता नाही, कारण तो स्वतःची साइट कशाला उघडून बघेल?

गॅलरीबद्दल अजून एक. कार्यालयाच्या साइटवर आम्ही जोडप्यांचे फोटो नावानिशी लावले होते. त्यातल्या एका बाईंचा दुकानात फोन आला, “आमचा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली, तेवढं काढता का?” मी त्याच दिवशी काढला, पण मान खाली गेली. अभिप्रायाच्या वहीतली नावं, फोन नंबर, फोटो, हे दुसऱ्यांचं आहे. ते आधी काढा, बाकीचं सावकाश.

रिकाम्या जागी एकच साधं पान ठेवा. एचटीएमएलची एक फाइल, बस. त्यावर धंद्याचं नाव, कोणत्या तारखेपासून बंद, जुन्या गिऱ्हाइकानं काही कामासाठी कुणाला विचारायचं, एवढंच. “लवकरच येत आहोत” असलं काही लिहू नका. असं एक पान फुकटातल्या होस्टिंगवरही चालतं, खर्च राहतो तो डोमेनचा, वर्षाला साधारण हजार-पंधराशे. निदान दोन-तीन वर्षं तरी भरा.

धंदा बंद नसून नुसतं नाव किंवा पत्ता बदलला असेल तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडं कायमचं वळण लावा, ज्याला ३०१ म्हणतात. गूगलचा सल्ला ते किमान वर्षभर ठेवायचा आहे.

गूगलवरून जुनी पानं लगेच घालवायची असतील तर सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सोयीतून काढायची विनंती करता येते, पण ती साधारण सहा महिनेच टिकते. त्या मुदतीत पान खरोखर उडवलेलं पाहिजे, म्हणजे सर्व्हरनं ४०४ किंवा ४१०, म्हणजे ‘पान नाही’, असं उत्तर दिलं पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी भूत परत. आणि नकाशावरची नोंद विसरू नका. ती पुसण्याऐवजी ‘कायमचे बंद’ अशी खूण करा. पुसली तर कोणीतरी भला माणूस उद्या तीच जागा पुन्हा टाकतो. जुना फोन नंबर अवतरणचिन्हांत घालून शोधलात तर आणखी कुठं कुठं तुमचं नाव पडून आहे तेही सापडेल. मला एकाच लॉजच्या सात नोंदी सापडल्या, त्यात तीन वेगवेगळे पिनकोड.

आणि तरीही डोमेन सोडायचंच ठरलं, तर पुढं काय होतं ते माहीत असू द्या. ‘डॉट कॉम’ची मुदत संपली की रजिस्ट्रारप्रमाणं जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण होऊ शकतं. पण हे रजिस्ट्रारच्या मर्जीवर, काही जण त्याआधीच लिलावाला काढतात. मग ३० दिवस सोडवणुकीचे, तेव्हा दंड भरून मिळतं आणि दंड चांगलाच असतो. शेवटचे पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते बाजारात. जुन्या नावाला इतर साइटवरून दुवे असतात म्हणून टपून बसलेले लोक ते उचलतात. आमच्या एका लॉजच्या नावावर आज ऑनलाइन जुगार चालतो, वर लॉजचा जुना लोगोही तसाच ठेवलाय. मालकांनी विचारलं, “केस करायची का?” ‘डॉट इन’साठी निक्सीची लवादाची सोय आहे, पण नावावर आपला हक्क दाखवावा लागतो, वकील आला, फी आली. त्यांनी हिशेब केला आणि सोडून दिलं.

माझ्या खात्यात आता चार डोमेन उरलीत. तिघांचे फोन येतात, होईल. चौथे मालक २०२०मध्ये गेले, मुलगा दुबईत असतो, मेसेजला निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. त्याची मुदत १४ नोव्हेंबरला संपते. या वर्षीचेही मीच भरले.