शेवटच्या नळापर्यंत चालत जा

माझा पुतण्या हिंजवडीत कामाला आहे. कुणाचा कॉम्प्युटर अडला की त्याच्या पडद्यावर तिकीट येतं, ते त्याने बंद केलं की दुसरं हजर. दिवाळीत जेवताना म्हणाला, "काका, या कामात काही राम नाही. तुम्ही ३१ वर्षं चावी कशी काय फिरवलीत?" पंगतीत उत्तर जमलं नाही, म्हणून लिहून काढतोय. त्याच्यासारखे आणखीही असतील.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होतो. चेंबरचं झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी खाली घालायची, फेरे मोजायचे, पुढच्या पेठेत जायचं. मराठी घेऊन बी.ए. झालो होतो, मास्तर व्हायचं होतं, बी.एड.ला पैसे नव्हते. माझं लग्न जमवताना मामा "मुलगा पाणीपुरवठ्यात आहे" एवढंच सांगायचे आणि लगेच चहा मागवायचे.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे नोकरी लिहा, उजवीकडे काम. पगार, रजा, साहेब, बढती हे डावीकडे. माझ्या उजव्या बाजूला होतं पाणी, पाइप आणि नळावरची माणसं. या दोन बाजूंची सरमिसळ झाली की माणूस कडवट होतो. पगार लांबला म्हणून पाणी उशिरा सोडलं, तर शिक्षा कुणाला? साहेबाच्या बंगल्यावर बोअर होती.

पण उलटी सरमिसळ त्याहून वाईट. मी ९ वर्षं रोजंदारीवर होतो. सलग नोकरी दिसू नये म्हणून दर २९ दिवसांनी कागदावर एक दिवसाचा ब्रेक पडायचा. गावाला पाणी त्या दिवशीही लागायचं आणि ते मीच सोडायचो. "तुमचं म्हणजे पुण्याचं काम," असं कुणी वरून म्हणालं की आम्ही ओळखायचो, या महिन्याचा पगार पुढे गेला. डावीकडच्या गोष्टी डावीकडेच भांडून मिळवायच्या. अर्ज द्या, पोच घ्या, युनियनमध्ये जा. आम्ही कचेरीबाहेर मांडव टाकून बसलो तेव्हा कुठे कायम झालो. कामात अर्थ सापडला म्हणून पगार सोडून द्यायचा नसतो.

आता उजवी बाजू. इथे माझ्याकडे एकच खात्रीची युक्ती आहे: तुमचं काम जिथे संपतं, तिथे एकदा जाऊन उभं राहा.

पहिली ४ वर्षं मी टाकीकडून चेंबरपर्यंतच बघितलं होतं. व्हॉल्व्ह उघडला, वहीत वेळ टाकली, संपलं. वरच्या आळीतून रोज शिव्या यायच्या आणि मला वाटायचं, लोकांना कितीही द्या, कमीच. एकदा चावी सायकलला बांधली आणि त्या आळीच्या शेवटच्या घरी जाऊन थांबलो. एक म्हातारी नळाखाली कळशी लावून बसलेली. सहाला व्हॉल्व्ह उघडलेला, तिच्या नळाने पाणी दिलं सहा पंचवीसला, तेही करंगळीएवढं. पावणेसातला मीच पाणी बंद करायचो. म्हणजे कागदावर पाऊण तास आणि तिच्या पदरात वीस मिनिटं. ती मला ओळखत नव्हती. म्हणाली, "पाणी सोडणारा मेला झोपतो." मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून खालच्या पेठेआधी अर्धा तास वरची आळी उघडायला लागलो. परवानगी कुणाची घेतली नाही, कारण कुणाच्या ते लक्षातच येणार नव्हतं. आठवड्याभरात शिव्या कमी झाल्या. मला बक्षीस वगैरे काही नाही. पण त्या दिवसापासून चावी हातात घेतली की ती कळशी दिसायची, आणि बी.ए.ची पदवी आठवेनाशी झाली.

तुमच्या कामालाही असा शेवटचा नळ असेल. बँकेत फॉर्म तपासत असाल तर त्या फॉर्मवर कुणाचं कर्ज अडलंय ते विचारा. गोदामात खोकी भरत असाल तर एखादं खोकं कुठे उघडतं ते शोधा. भावुक व्हायला नाही, तर आपली चूक कुठे लागते ते कळायला.

मग स्वतःचं एक मोजमाप वहीत ठेवा. साहेबाला दाखवायचं नाही, म्हणून त्यात खोटं लिहायचाही मोह होत नाही. माझं मोजमाप क्लोरीनचं होतं. टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर पडली की कागद पूर्ण होतो, पण शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. त्याची ओटी टेस्ट सोपी आहे: नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळी झाक आली की बरं. एका पावसाळ्यात टाकीजवळ पिवळं आणि आळीच्या टोकाला सलग ३ दिवस पांढरं. वही नसती तर पहिल्या दिवशीच विसरलो असतो. रात्री दोनला, रस्ता गप्प झाल्यावर, लोखंडी कांब पाइपवर टेकवून तिला कान लावत गेलो. एका मोरीजवळ सूं असा आवाज. सांधा गटारात गेला होता. नळाला थेट मोटर लावली की पाइपला ओढ बसते, आणि तेच गटार नळातून घरात येतं. सकाळी खोदून सांधा बदलला. गॅस्ट्रोची साथ आली नाही. न आलेल्या साथीची बातमी होत नाही, हे या कामाचं दुखणं. म्हणून तर वही.

हातातल्या एखाद्या गोष्टीत खोल उतरा, हेही सांगायचं राहिलं. व्हॉल्व्ह बंद करणं गाढवकाम वाटतं. आमच्या सहा इंचीला वीस फेरे. मेव्हण्याच्या साखरपुड्याला जायच्या घाईत मी ते सपासप मारले, आणि पाण्याचा दणका मागे बसून बाजारातला जुना पाइप फुटला. पाणी खरं तुटतं ते शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत, तेच सगळ्यात सावकाश घ्यायचे. चूक माझी होती, साखरपुडाही गेला. त्यानंतर मात्र मी बंद करताना हातानेच पाण्याचा जोर ओळखायला शिकलो. ते आलं की कंटाळ्याला जागा फार उरत नाही.

सगळ्या नोकऱ्यांना हे लागू नाही. शेवटच्या नळापाशी गेल्यावर तिथे कुणी फसवलं जातंय असं दिसलं, तर वह्या लिहीत बसू नका, दुसरी नोकरी बघा.

यातलं थोडं नंतर कानावर घातल्यावर पुतण्याने एवढंच केलं की आठवड्यातून एका तिकिटामागच्या माणसाला फोन करायचा. एका गोदामातल्या बाईंचं लेबल छापायचं मशीन दर सोमवारी अडायचं. सोमवारचंच का, हे त्याने शोधून काढलं. आता तिथून तिकीट येत नाही. दुसरी नोकरी तो शोधतोच आहे, शोधावीच. पगार कमी आहे.

माझ्या जागी आलेल्या पोराला मी वह्या द्यायला गेलो, तर त्याने मोबाइलमध्ये फोटो काढले आणि वह्या परत दिल्या. सात नंबरचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. माझ्या हाताला माहीत होतं म्हणून कधी लिहिलंच नाही. परवा रात्री आठवलं, तेव्हा उठून त्याला फोन केला.