लग्नाच्या बँडमधून सिम्फनीकडे निघालेल्या ट्रम्पेटवाल्यांसाठी

आधी कडू तेवढं सांगून टाकतो. सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले पंचवीस-तीस असतात, ट्रम्पेटवाले तीन किंवा चार. आणि ती खुर्ची एकदा कुणाला मिळाली की तो लवकर उठत नाही. शिकागो सिम्फनीचे ॲडॉल्फ हर्सेथ 1948 साली पहिल्या ट्रम्पेटच्या जागी बसले ते 2001 पर्यंत. 53 वर्षं एक खुर्ची! भारतात तर पूर्णवेळ व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकच, मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) मधला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, 2006 साली सुरू झालेला. म्हणजे 'शिकून घेतो, मग नोकरी लागेल' असं हे गणित नाही. बहुतेकांना जोडून-जोडून पोट भरावं लागतं: कुठे एक्स्ट्रा म्हणून वाजवायचं, कधी रेकॉर्डिंग, शाळेत शिकवणं, नाहीतर लष्कराचा किंवा पोलिसांचा बँड. मी तेच करतो. लग्नसराईत दारव्ह्याकडून फोन आला तर जाऊन वरातही वाजवून येतो, त्यात मला लाज नाही.

एवढं वाचून पाय मागे घेतला नसेल तर पुढचं तुमच्यासाठी. तुम्हाला वॉल्व्हची, म्हणजे दाबायच्या तीन कळांची, बोटं येतात, सरगम पक्की आहे, स्टाफ नोटेशनची (पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत) निदान तोंडओळख आहे असं धरून चालतो.

बँडच्या घरातून आलेल्या पोरांना शहरात गेल्यावर उगाच कमीपणा वाटतो. तो सोडा. भर एप्रिलात, डांबर वितळत असताना, धुमालवाल्यांच्या, म्हणजे ढोल-ताशाच्या पार्टीच्या, स्पीकरच्या डब्यांसमोर आपला आवाज टिकवून तीन तास वाजवणारा पोरगा दमाला कमी नसतो. चुकलं तरी थांबायचं नाही ही सवय संगीत शाळेतल्या पोरांना लावून घ्यावी लागते, आपल्याला ती वरातीतच लागते. परदेशातल्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांमध्ये चाचणीची पहिली फेरी पडद्याआड होते, पावलांवरूनही काही कळू नये म्हणून खाली गालिचा असतो. तुमचं गाव, तुमची बोली, तुमचे बूट, काही काही दिसत नाही. फक्त आवाज.

आता खरा खड्डा, दुसऱ्या पट्टीतला कागद वाचण्याचा. जरा लांबण लागेल, पण बँडच्या घरातला जवळजवळ प्रत्येक जण यातच पडतो, म्हणून सावकाश वाचा.

आपल्या हातातलं ट्रम्पेट बी-फ्लॅटचं. एकही वॉल्व्ह न दाबता कागदावरचा सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. बँडमध्ये हे कुणाला टोचत नाही. क्लॅरिनेटही बहुतेक बी-फ्लॅटचंच असतं, आणि कागद असतोच कुठे? मास्तर चाल धरतात, बाकीचे कानानं उचलतात. माझे बाबा म्हणायचे, ''कागद पाहून का कोनी वाजवते? कान देल्ला ना देवानं!'' आणि कान खरंच होता. नवं गाणं दोनदा ऐकलं की तिसऱ्या लग्नात वाजत असे.

ऑर्केस्ट्रात समोर येणारा कागद मात्र वेगळ्याच काळातला असतो. पूर्वी ट्रम्पेटला वॉल्व्ह नव्हते. नुसती नळी, त्यातून निघतील तेवढेच नैसर्गिक सूर. रचना ज्या पट्टीत असेल त्या मापाचा नळीचा जादा तुकडा वादक जोडायचा आणि कागदावर सगळं सी धरूनच लिहिलेलं असायचं. वॉल्व्हचं पेटंट 1818 चं. तरीही पुढची कित्येक दशकं संगीतकार जुन्याच पद्धतीनं लिहीत राहिले: ट्रम्पेट इन एफ, इन डी, इन ई. आज तो कागद तुमच्यासमोर येतो, हातात मात्र बी-फ्लॅटचंच वाद्य असतं. मग वाजवता-वाजवता मनातल्या मनात सूर बदलायचे. 'इन एफ' लिहिलं असेल तर प्रत्येक सूर पाचव्या घरावर (पहिलं घर कागदावरचंच धरून): कागदावर सी, तुम्ही वाजवायचा जी, सगळे वॉल्व्ह मोकळे. 'इन डी' असेल तर तिसऱ्या घरावर, सी चा ई. 'इन ई' सगळ्यात खडूस: सी दिसला की एफ-शार्प, म्हणजे मधला वॉल्व्ह.

इथे आपल्यातला हुशार पोरगा म्हणतो, यात काय एवढं? भजनात पेटीवाला रोज हेच करतो. बुवा म्हणाले काळी चार, की सा तिथे. इन एफ म्हणजे पांढरी चारचा सा, इन ई म्हणजे पांढरी तीनचा, बस. मीही असंच म्हटलं होतं. आणि सुरुवातीला ते जमतंही, हाच तर धोका! ड्वोरझॅकच्या नवव्या सिम्फनीच्या चौथ्या भागात हॉर्न आणि ट्रम्पेटची जी प्रसिद्ध चाल आहे ती कागदावर इन ई आहे, पण कानाला ती सा रे, कोमल ग, रे सा अशीच लागते. ई चा सा धरला की बोटं आपोआप पडतात: मधला, मग मधला-शेवटचा, मग पहिला-मधला, आणि तसंच परत. मी रेकॉर्डिंगवरून ती उचलली, मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'ची ट्रम्पेटची सुरुवात उचलली, माहलरच्या पाचव्या सिम्फनीची एकट्या ट्रम्पेटची सुरुवातही उचलली. ऐकणाऱ्याला वाटावं की हा वाचून वाजवतोय.

मग मुंबईत एका चाचणीला पुढ्यात एक अनोळखी पान आलं. इन ई. बराच वेळ विश्रांतीची मोजणी, मग दोन सूर. पुन्हा मोजणी, मग एक सूर, तोही जोरात. बोटं जागच्या जागी राहिली. कारण त्यात चाल नव्हतीच. ऑर्केस्ट्रातल्या ट्रम्पेटचं निम्मं काम असंच असतं: शंभर मात्रा गप्प बसायचं आणि मग नेमक्या जागी, कुणाचाही आधार न घेता, 'प' किंवा 'सा' फेकायचा. कान चालीला पकडतो. चालच नसेल तर कानाला धरायला काय आहे? मोझार्ट-बीथोवनपर्यंत निदान सा-प चा खेळ तरी असतो. पुढे श्ट्राउस-माहलरकडे आलात की पट्टी सारखी सरकत राहते, मधेच कागद 'इन एफ' वरून 'इन ई' वर जातो, आणि ज्याला तुम्ही सा धरून बसलात तो सा उरलेलाच नसतो. तिथे सरगम हात सोडते. तिथे कागदावरचं एक घर बघून बोटानं दुसरं घर दाबता यायला हवं, मधे गाणं न आणता.

यावर दोन पळवाटा तुम्हाला सांगितल्या जातील. एक, पान आधीच बी-फ्लॅटमध्ये उतरवून घ्या. आता तर मोबाईलचं ॲपही ते करून देतं. दुसरी, रेकॉर्डिंग शंभरदा ऐका. दोन्ही मला एका शहरातल्या सरांनीच सांगितल्या होत्या. ते तासाचे पैसे आधी मोजून घ्यायचे आणि वर्षभरात त्यांनी स्वतः ट्रम्पेट ओठाला लावलेलं मी पाहिलं नाही. माझं सरळ मत आहे: जो शिक्षक तुमच्यासमोर वाजवत नाही, चुकत नाही, पुन्हा वाजवत नाही, त्याच्याकडे थांबू नका, मग भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत. उतरवलेलं पान म्हणजे उसनी सायकल, घाट आला की मालक ती मागायला येतो.

उपाय कंटाळवाणा आहे. आरबान या फ्रेंच कॉर्नेटवादकाचं 1864 चं सरावाचं जाडजूड पुस्तक घ्या, आजही जगभर तेच चालतं. त्यातला एक सोपा, चालीचा नसलेला धडा काढा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर. आधी जसा आहे तसा. मग 'इन सी' समजून, म्हणजे दुसऱ्या घरावर, सी चा डी; हे सर्वांत जास्त लागतं. ते हाडात मुरेपर्यंत एफ ला हात लावू नका. मग एफ, मग डी आणि ई-फ्लॅट, ई शेवटी. रोज नवं पान, तेच पान घोटायचं नाही, कारण तिसऱ्यांदा वाजवताना कान ते पाठ करतो आणि तुम्ही पुन्हा खड्ड्यात. हे करताना मला माझाच कान वैरी वाटायला लागला होता. साध्या चौथीच्या पोरासारखं अडखळत वाचायचं, आणि बाजूच्या खोलीतून बाबा विचारायचे, ''काऊन बे, वाजवनं विसरला का?'' काही महिने असेच जातात. मग एक दिवस लक्षात येतं की हात बदलून घेतोय आणि आपण मोजणीवर आहोत.

आणि कान वाया जात नाही. वाचता यायला लागलं की तोच कान सुरात बसवायला, शेजारच्या दुसऱ्या ट्रम्पेटशी जुळवायला कामी येतो.

सुरावरून आठवलं. पितळ तापलं की सूर चढतो. आपण उन्हात वाजवून-वाजवून ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) बाहेर ओढून ठेवायला शिकलेलो असतो. एसीच्या हॉलमध्ये तीच स्लाइड तशीच ठेवून बसलात तर तुम्ही सगळ्यांच्या खाली. आत ढकला, आणि वाजवायच्या आधी मोजणी चालू असताना वाद्यात गुपचूप गरम हवा सोडत राहा. खालचा डी आणि सी-शार्प चढतात, तिथे तिसऱ्या स्लाइडची कडी बोटानं बाहेर सरकवायची. वरातीत हे कुणी करत नाही, इथे न करून चालत नाही.

ओठांचं थोडक्यात. वरचा सूर निघत नाही म्हणून माउथपीस दातांवर दाबणं ही वरातीची सवय आहे. वाजवल्यावर ओठावर गोल वळ बराच वेळ राहत असेल तर दाब जास्त आहे. जितका वेळ वाजवाल तितका वेळ विश्रांती. 'तीस दिवसांत डबल हाय सी' शिकवणारे व्हिडिओ बंद करा. आणि खर्रा, सुपारी-तंबाखूचा. हे मी हळू आवाजात सांगणार नाही. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी कडक होते, तोंड उघडणं कमी होत जातं, गाल ताणले जात नाहीत. यवतमाळ-चंद्रपूरकडे बँडवाल्यांच्या खिशात पुडी असतेच, मला माहीत आहे. वाजवणारा असाल तर ती आज फेका.

परीक्षा द्या, पण वेड लावून घेऊ नका. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षा मंडळांच्या ग्रेड एक ते आठ असतात. एबीआरएसएमच्या सहावीपासूनच्या वादनाच्या परीक्षेला पाचवीची थिअरी आधी लागते; ट्रिनिटीला ती अट नाही म्हणून सगळे तिकडे पळतात. मी उलट सांगेन, थिअरी आधीच उरका, मघाच्या सगळ्या भानगडीत तीच उपयोगी पडते. जर्मनीचं स्वप्न असेल तर तिथल्या सरकारी संगीत महाविद्यालयांत बऱ्याच राज्यांत शिकवणीची फी नाही, मात्र प्रवेश वाजवून मिळतो, आणि व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे 11904 युरो दाखवावे लागतात, सप्टेंबर 2024 पासून हा आकडा आहे. वर तिकडच्या ऑर्केस्ट्रांत फिरत्या वॉल्व्हचं ट्रम्पेट चालतं, आपलं पिस्टनचं. तेही शिकणं आलं. महागडं सी ट्रम्पेट मात्र आधीच घेऊन ठेवू नका, बी-फ्लॅटवर वाचता येत नसेल तर तेही नुसतं कपाटात चकाकेल.

पैसा नसलेल्यांचा जुना रस्ता लष्कराचा आहे, आणि त्यात कमीपणा नाही. फ्रान्सचे मॉरिस आंद्रे, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या ट्रम्पेटवादकांपैकी एक, पोरवयात कोळशाच्या खाणीत काम करत होते. लष्करी बँडमध्ये भरती झाले म्हणून पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत त्यांना फुकट शिकता आलं. आपल्या कोळसा पट्ट्यातल्या वणी-घुग्घुसच्या पोरांनी हे नाव लक्षात ठेवावं. आपल्या जवळ कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. नागद्वारला जाताना आपण जिथून चालायला लागतो त्या पचमढीतच लष्कराची संगीत शाखा आहे. तिथून शिकून निवृत्त झालेला बँडमास्तर गावाजवळ कुठे सापडला तर त्याचे पाय धरा. कडक असतात, शिव्या देतात, पण कागद वाचायला त्यांच्यासारखं कुणी शिकवत नाही. त्या शहरातल्या सरांनंतर मला असाच एक भेटला.

नौदल आणि हवाई दल अग्निवीर म्युझिशियन म्हणून स्वतंत्र भरती काढतात. चार वर्षांची सेवा, त्यातून जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतात, हे घरी आधीच समजावून सांगा, नाहीतर सोयरीक जुळवणारे नंतर तोंड फिरवतात. राज्य पोलिसांत बॅन्डस्मनची पदं निघतात, तिथे शारीरिक चाचणीही असते, नुसतं वाजवून भागत नाही. वयाची आणि शिक्षणाची अट दर वेळी जाहिरातीतच बघा, कुणाच्या तोंडी माहितीवर फॉर्म भरू नका. आणि ट्रायलला जाताना आपलं माउथपीस सोबत न्या, ट्रम्पेट तिथलं मिळालं तरी. पँटच्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा, किल्ल्या आणि चिल्लर दुसऱ्या खिशात.